जुन्या लक्झरी घड्याळाचं मशीन तपासताना : पद्धत कुठवर आली

डायल, काटे आणि केसची (बाहेरच्या कवचाची) पारख मागच्या नोंदीत झाली. आता मशीन.

ठाण्यात किंवा वाशीत समोरासमोर सौदा ठरतो तेव्हा विक्रेता बहुधा टाइमग्राफरचा (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्राचा) फोटो पुढे करतो. रेट, म्हणजे घड्याळ दिवसाला किती पुढे-मागे जातं, +२ सेकंद; बीट एरर (टिक आणि टॉक यांतला फरक) ०.१ मिलिसेकंद. एवढ्यावर पैसे देऊ नका. रेट जुळवता येतो. ईटीए २८२४ या मशीनचा रेग्युलेटर (चाल जुळवणारी पट्टी) किंचित सरकवला किंवा रोलेक्स ३१३५ मशीनच्या बॅलन्सवरचे (ठेका धरणाऱ्या झुलत्या चाकावरचे) मायक्रोस्टेला नट फिरवले, की तेल वाळलेलं घड्याळही डायल वर करून ठेवल्यावर +२ दाखवतं. अ‍ॅम्प्लिट्यूडचं तसं नाही. बॅलन्स व्हील मध्यापासून एका बाजूला किती अंश झुलतं, तो हा आकडा. मेनस्प्रिंगची (चावी साठवणाऱ्या स्प्रिंगची) ताकद गिअरमधून तिथवर किती पोचते ते त्यातून कळतं, आणि साफसफाई-तेलपाणी केल्याशिवाय तो वाढत नाही.

फक्त एक चोरवाट आहे. टाइमग्राफर अ‍ॅम्प्लिट्यूड थेट मोजत नाही, लिफ्ट अँगलवरून, म्हणजे एका टिकला धक्का मिळताना बॅलन्स जेवढे अंश फिरतं त्यावरून, हिशेबाने काढतो. बहुतेक यंत्रं सुरू केल्यावर ५२ अंशांवर असतात. ३१३५ ला ५२ च लागतो, ईटीएच्या २८९२ ला ५१, २८२४ ला ५०, वॅल्जू ७७५० ला ४९. इथे चूक झाली तरी फरक थोडाच पडतो. पण ओमेगाच्या को-अ‍ॅक्सियल ८५०० मशीनला, ज्याची धक्क्याची रचनाच वेगळी आहे, ३८ लागतो. तिथे ५२ तसाच राहिला तर खरे २०० अंश पडद्यावर २७० च्या वर दिसतात. मरगळलेलं मशीन ठणठणीत वाटतं. म्हणून फोटोत लिफ्ट अँगल दिसलाच पाहिजे, नाहीतर तो फोटो नसल्यासारखाच.

मोजणीचा क्रम आता पक्का झाला आहे. क्राउनला (चावी देण्याच्या बटणाला) चाळीसेक फेरे देऊन पूर्ण चावी द्या. ऑटोमॅटिकमध्ये मेनस्प्रिंग टोकाला घसरते, त्यामुळे जास्त चावी बसण्याची भीती नाही. पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग डायल वर, डायल खाली, क्राउन वर, क्राउन खाली, क्राउन डावीकडे अशा क्रमाने घ्या. प्रत्येक वेळी अर्धा मिनिट पडद्यावरच्या रेघा स्थिर होऊ द्या आणि पुढचा एक मिनिट मोजा. टेबलाला एसी किंवा मिक्सरची थरथर लागत असेल तर रेघा फाटतात. स्टेशनबाहेरच्या हॉटेलपेक्षा घड्याळ दुरुस्तीवाल्यांचं शांत काउंटर बरं.

आडव्या स्थितीत २७० ते ३१० अंश चांगले. उभ्या स्थितीत ३०-४० अंशांची घट स्वाभाविक आहे, कारण तिथे पिव्हटचं (अक्षाच्या बारीक टोकाचं) घर्षण वाढतं. घट ६० च्या पुढे गेली तर तेल गेलंय किंवा पिव्हट झिजलाय. दोन आडव्या स्थितींतच मोठी तफावत असेल तर एका बाजूचा पिव्हट किंवा तो ज्यात फिरतो तो खडा पाहायला हवा. ३३० च्या वरचा आकडाही शुभ नाही. त्या झोक्यात बॅलन्सची पिन तिला धक्का देणाऱ्या फोर्कला मागून धडकते आणि घड्याळ एकदम पुढे पळतं.

खरी परीक्षा २४ तासांनी. घड्याळ न हलवता ठेवा आणि पुन्हा मोजा. उभ्या स्थितीत २०० च्या खाली आलं तर सर्व्हिसचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला. तसंच थांबेपर्यंत चालू ठेवलं तर पॉवर रिझर्व्हही कळतो: २८२४ ला साधारण ३८ तास, २८९२ ला ४२, ३१३५ ला ४८. विक्रेता एक दिवस द्यायला तयार नसेल, तर आमच्या मते ते घड्याळ सोडून द्यावं.

रेट अचानक +३० किंवा त्याहून जास्त दिसला तर घाबरू नका, आधी होकायंत्र जवळ धरा. सुई हलली तर चुंबकत्व लागल्याचा संशय घ्या: हेअरस्प्रिंगची (बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची) वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पुढे जातं. डिमॅग्नेटायझर फिरवून पुन्हा मोजा. अशी घड्याळं कधी कधी फार स्वस्तात मिळतात.

रोटरकडे (हात हलला की फिरून आपोआप चावी देणाऱ्या वजनाकडे) कान द्या. हाताने चावी देताना २८२४ चा रोटर भिंगरीसारखा फिरू लागला तर रिव्हर्सिंग व्हील (रोटरची फिरकी एकाच दिशेला वळवणारी चाकं) चिकटली आहेत. ३१३५ मध्ये रोटरचा अक्ष झिजला की रोटर खाली झुकून ब्रिजला घासतो. मागचं झाकण उघडलं तर चकचकीत ओरखडा दिसतो. ७७५० एकाच दिशेने चावी घेतं, त्यामुळे दुसऱ्या दिशेने रोटर मोकळा भिरभिरतो. तो दोष समजू नका.

खाडीकाठच्या हवेत आणि पावसाळ्यात ओल हा वेगळाच शत्रू आहे. क्राउन घट्ट बंद करून घड्याळ ४०-४५ अंशांपर्यंत कोमट करा, काचेवर साध्या पाण्याचा थेंब ठेवा, मिनिटभराने पुसा. आतून धुकं राहिलं तर गॅस्केट गेलं आहे. मग क्राउनची कांडी बाहेर काढून गंज बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिथली लालसर भुकटी सुटून मशीनभर पसरते.

क्रोनोग्राफ (घड्याळातलं स्टॉपवॉच) चालू असताना अ‍ॅम्प्लिट्यूड किती उतरू द्यायचा, ते ७७५० वर मोजणं सुरू आहे. आकडे पुढच्या नोंदीत.