जॉइंट सुटले होते

गेल्या आठवड्यात बाबा दोन दिवस शिंकत होते, म्हणून मी ड्रॉवरमधून ऑक्सिमीटर काढला. सेल संपलेले. रिमोटचे काढून घातले. ९७. "झालं समाधान? आता माझे सेल दे," बाबा म्हणाले. बातम्या लागायच्या होत्या.

आमच्याकडे रक्तातल्या ऑक्सिजनचा हा आकडा अजूनही सहज ऐकला जात नाही. एप्रिल २०२१ मध्ये कोविड झालेले बाबा गॅलरीत बसून पेपर वाचत होते, तेव्हा बोटावर ९४ होता. बाथरूमपर्यंत जाऊन आले आणि ८७. धाप नाही, तक्रार नाही, उलट "मशिन बिघडलंय तुझं". जीव घाबरा होतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, आणि तो वायू आजारी फुफ्फुसातूनही बऱ्यापैकी सहज बाहेर पडतो, हे मला नंतर कळलं. ऑक्सिजनचं तसं नाही. बेड मिळवण्याचे ते दीड दिवस मी इथे लिहिणार नाही. पुण्यात त्या महिन्यात ज्यांनी फोन फिरवले त्यांना माहीतच आहेत.

बाबांची नोकरी महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात गेली. त्यांना कुठलीही गोष्ट पाइपांत सांगितली तरच पटते. डिस्चार्जच्या दिवशी त्यांनी राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरला अडवून विचारलं, "फुफ्फुसात पाणी आलं कुठून? मी तर काही बुडालो नव्हतो."

तो बिचारा बसला समजावत. फुफ्फुसात ३० ते ५० कोटी वायुकोश. उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर, म्हणजे आमच्या टू बीएचकेएवढे. प्रत्येक वायुकोशाभोवती केशवाहिन्यांचं जाळं, आणि हवा नि रक्त यांच्यामधली भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. विषाणू वायुकोशातल्या ज्या पेशींना धरतो, त्यांतल्याच काही पेशी आत साबणासारखा एक पदार्थ सोडत असतात. तो असतो म्हणून वायुकोश मिटून चिकटत नाहीत. तो कमी पडला की ते मिटायला लागतात. पण खरा घोळ पुढे आहे. विषाणूला आवरायला शरीर जी आग पेटवतं, तिची झळ केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला लागते. अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, त्या हात सोडतात. मग फटींतून रक्तातला द्रव वायुकोशात झिरपतो.

"म्हणजे लाइन फुटली नाही," बाबा म्हणाले, "जॉइंट सुटले."

डॉक्टर हसला. "काका, अगदी तेच."

मग बाबांनी शर्ट वर करून पोट दाखवलं. बेंबीच्या दोन्ही बाजूंना हिरवे-निळे डाग, जुन्या पिवळसर डागांवर नवे. "मग हे कशाला?" ती रक्त न गोठण्याची इंजेक्शनं होती. निरोगी अस्तर रक्ताला वाहतं ठेवतं. तेच सोललं गेलं की त्यावर गुठळी धरते. बाबांचं डी-डायमर वाढलेलं होतं, म्हणजे कुठेतरी गुठळ्या होऊन विरघळत होत्या, त्यांचा चुरा रक्तात सापडत होता. हवा आत गेली तरी शेजारून रक्तच वाहत नसेल तर ती हवा फुकट.

मी त्यानंतर जरा वाचत सुटले. २०२० मध्ये कोविड आणि फ्लूने दगावलेल्यांची फुफ्फुसं शेजारी ठेवून तपासली, तर वायुकोशांची नासाडी दोन्हीकडे होती. केशवाहिन्यांतल्या बारीक गुठळ्या मात्र कोविडमध्ये नऊपट. म्हणून फ्लू गरीब, असं नव्हे. ३ ऑगस्ट २००९ ला देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू झाला तो पुण्यातच, एका शाळकरी मुलीचा. मग शाळा बंद, थिएटरं बंद, आणि तोंडाला रुमाल बांधलेलं सगळं गाव. २०१८ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की फ्लू असल्याचं तपासणीत ठरल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अ‍ॅटॅकचा धोका सुमारे सहापट असतो. हे वाचल्यापासून बाबांना दर वर्षी पावसाळ्याआधी फ्लूची लस असते. ते कुरकुरतात. मी "जॉइंट" एवढंच म्हणते.

घरी आल्यावर तिसऱ्या मजल्याचा जिनाच डोंगर झाला होता. एक्स-रे महिना-दोन महिन्यांत स्वच्छ आला, पण दोन जिने चढले की आकडा ९०. चित्र स्वच्छ दिसलं म्हणजे भिंत पूर्ववत झालीच, असं नसतं. त्या वर्षी दिवाळीनंतर पर्वतीला गेलो. १०३ पायऱ्या, जन्मभर पाठ असलेल्या. चाळिसाव्या पायरीशी बाबा कठड्याला टेकले आणि मला म्हणाले, "तू हो पुढे."

आता ते वरपर्यंत जातात. मध्ये एकदा थांबतात, पण दमलो असं म्हणत नाहीत. खाली पाण्याच्या टाक्यांकडे बोट करून सांगतात, "थांब, लेव्हल बघतोय." ऑक्सिमीटर माझ्या पर्समध्ये असतो. मी काढत नाही.