पाहुणा कुणीच नाही

मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन निघालेल्या निवृत्त जोडप्यांचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांपुढे ग्रँड कॅन्यन उभा राहतो. माझ्या डोळ्यांपुढे येतात दोन घडीच्या खुर्च्या. गाडी छत्तीस फूट लांब असो, आत सोफा, फ्रिज, ओव्हन काहीही असो, संध्याकाळी ही मंडळी बसणार बाहेरच. आत एकानं चहा करायला घेतला की दुसऱ्याला पलंगावर पाय वर घेऊन बसावं लागतं. त्यापेक्षा कापडी छत ओढावं, खुर्च्या मांडाव्यात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करावी. निम्म्या ओळखी अशाच होतात.

अमेरिका आणि कॅनडाच्या उत्तर भागात थंडी पडू लागली की ही जोडपी फ्लोरिडा, टेक्सस, ॲरिझोनाची वाट धरतात. ॲरिझोनात क्वार्ट्झसाइट नावाचं एवढंसं गाव आहे. हिवाळ्यात त्याच्याभोवतीचं वाळवंट गाड्यांनी भरून जातं. जमीन सरकारी. काही भागांत १४ दिवस फुकट राहता येतं. जवळच्या ला पोसा भागात परवाना काढला की १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल बस्तान ठोकता येतं. विजेची जोडणी नाही, छतावरच्या सौरपट्ट्यांवर भागवायचं. बघण्यासारखं म्हणाल तर दगड आणि निवडुंग. तरीही तीच जोडपी दरवर्षी तिथंच येतात, कारण गेल्या वर्षीची मंडळीही तिथंच येणार असतात.

मला या भेटींचं कौतुक वाटतं ते एका गोष्टीसाठी. इथं पाहुणा कुणीच नसतो. एरवी मित्राकडे राहायला जायचं म्हटलं की यजमानीणबाईंना चादरी काढा, जेवणात काय आवडतं विचारा, बाथरूम कधी मोकळं होईल बघा. ‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ हे उगाच म्हणत नाहीत. इथं मात्र प्रत्येकजण आपलं अंथरूण, आपली औषधं आणि आपला घोरणारा नवरा घेऊन आलेला. गप्पा रंगल्या तर बसा, कंटाळा आला तर वीस पावलांवर आपलं दार आहे. उतारवयात मैत्री टिकवायला एवढं अंतर फार उपयोगी पडतं.

आगमनाचा सोहळा मात्र बघण्यासारखा. तो स्टीअरिंगवर, ती मागे उभी राहून हातवारे करणार. तिचा डावा हात म्हणजे गाडीचं शेपूट डावीकडे की तोंड डावीकडे, यावर कित्येक वर्षांच्या संसारातही एकमत झालेलं नसतं. ती आरशातून दिसेनाशी झाली तर त्यानं जागच्या जागी थांबायचं, हा नियम दोघांनाही पाठ. तो थांबत नाही. आसपासचे सगळे खुर्च्यांत बसून आकाशाकडे बघत असल्याचं सोंग करतात. गाडी लावून होईपर्यंत त्या जोडप्याशी बोलायचं नाही, हे तिथलं शहाणपण. ब्रेक लागला, इंजिन बंद झालं, की मग मिठ्या.

गप्पांचे विषय ठरलेले: तब्येत, नातवंडं, डिझेल आणि टाक्या. मोठी गाडी गॅलनला जेमतेम आठ-दहा मैल देते, त्यामुळे तिसरा विषय लवकर तापतो. टायरवरही बरीच चर्चा होते. वरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर आतून म्हातारं होतं, सहा-सात वर्षांत बदलायलाच हवं, असं एकजण आपला गुडघा चोळत सांगतो.

पण खरी सत्ता टाक्यांची. भांडी-आंघोळीचं पाणी एका टाकीत, संडासचं दुसरीत. रिकाम्या करताना संडासची आधी सोडायची आणि मग भांड्यांची, म्हणजे साबणाच्या पाण्यानं नळी धुऊन निघते. हातमोजे घालून हे काम करणारा गृहस्थ काल-परवापर्यंत कुठल्याशा कंपनीत मोठा साहेब असतो. मुक्काम किती दिवसांचा हे प्रेमावर ठरत नाही, या टाकीवर ठरतं. निरोप घेणंही त्यामुळं सोपं जातं. ‘टाकी भरली’ म्हटलं की कुणी आग्रह करत नाही, कुणाला राग येत नाही. घरच्या समारंभांतून सुटायला अशी सबब मिळाली असती तर!

कधीतरी डोळे किंवा हात साथ देईनासे होतात आणि किल्ली खाली ठेवावी लागते. या भटक्यांसाठी १९७८ साली जो आणि के पीटरसन या दांपत्यानं ‘एस्केपीज’ नावाचा क्लब काढला. टेक्ससमधल्या लिव्हिंग्स्टनला त्याचं ठाणं आहे. पक्कं घर नसलेल्यांची टपालं तिथं येतात आणि पुढं पाठवली जातात. त्याच आवारात, ज्यांना आता गाडी चालवणं जमत नाही अशांनी आपापल्या गाडीतच राहावं आणि जेवणाखाण्याला, डॉक्टरकडे जायला मदत घ्यावी, अशीही सोय आहे. घर तेच, फक्त चाकं थांबलेली. जुने मित्र वाट वाकडी करून तिथं येतात, आपली गाडी जवळपास लावतात. तिथं सांडपाण्याची नळी थेट जोडता येते, त्यामुळे टाकी भरल्याचं कारण सांगून लवकर निघता येत नाही.