दोन खडकांमधून होडी हाकणारा इंडोनेशिया

जगातील सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येचा देश म्हणून इंडोनेशियाचा उल्लेख सतत होतो. पण त्या देशाच्या परराष्ट्र धोरणाचा धागा पकडायचा असेल, तर धर्मापेक्षा 1948 सालचे एक भाषण अधिक उपयोगी पडते. 2 सप्टेंबर रोजी पंतप्रधान मोहम्मद हत्ता यांनी प्रजासत्ताकाच्या प्रतिनिधींना विचारले होते की, स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या राष्ट्रापुढे रशियाची बाजू किंवा अमेरिकेची बाजू एवढेच पर्याय आहेत काय? दोन खडकांमधून होडी वल्हवण्याची प्रतिमा त्या भाषणाला कायमची चिकटली आणि ‘मुक्त व सक्रिय’ हे त्या धोरणाचे नाव झाले.

हे धोरण तत्त्वनिष्ठेतून आले असे मानण्याची प्रथा आहे. मला त्यात घरच्या राजकारणाचा हिशेब जास्त दिसतो. राष्ट्रवादी, इस्लामी आणि कम्युनिस्ट अशा तीन प्रवाहांत विभागलेल्या देशात कोणत्याही एका महासत्तेकडे उघड झुकणे म्हणजे स्वतःच्याच सरकारखालचा आधार काढून घेणे होते. याचा दाखला 1952 मध्ये मिळाला. परराष्ट्रमंत्री सुबार्जो यांनी अमेरिकेच्या राजदूताबरोबर मदतीचा करार गुपचूप केला. त्या मदतीला अमेरिकेच्या सुरक्षाविषयक कायद्याच्या अटी जोडलेल्या होत्या. बातमी फुटताच गदारोळ उठला, सुबार्जोंना पद सोडावे लागले आणि पाठोपाठ पंतप्रधान सुकिमान यांचे मंत्रिमंडळही गडगडले. विशेष म्हणजे सुकिमान ज्या माशुमी या इस्लामी पक्षाचे होते, त्या पक्षातूनही त्यांना पुरेशी साथ मिळाली नाही.

धर्माचा प्रश्न तर त्याआधीच, 18 ऑगस्ट 1945 रोजी, बऱ्याच अंशी निकालात निघाला होता. मुसलमानांवर शरियतचे पालन बंधनकारक करणारे कलम राज्यघटनेच्या प्रस्तावनेच्या मसुद्यात होते. ते राहिले तर पूर्वेकडील ख्रिस्ती प्रदेश प्रजासत्ताकात येणार नाहीत, असा निरोप हत्तांकडे आदल्या संध्याकाळी पोचला. हत्ता स्वतः पश्चिम सुमात्रातील मिनांगकाबाऊ समाजातले धर्मनिष्ठ मुसलमान. तरीही सकाळी इस्लामी नेत्यांशी बोलून त्यांनी ते शब्द वगळायला लावले. त्यामुळे पॅलेस्टाईनच्या बाजूने इंडोनेशिया ठाम उभा राहतो, तेव्हा त्यामागे जनतेची धार्मिक भावना असली, तरी सरकारची अधिकृत भाषा वसाहतवादविरोधाची, म्हणजे स्वातंत्र्य हा सर्व राष्ट्रांचा हक्क आहे या प्रस्तावनेतील वाक्याची असते. इस्रायलशी त्याचे राजनैतिक संबंध आजही नाहीत.

आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेविषयी (1955) पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून ती येथे सोडून देतो. दोन्ही खडकांचा उपयोग कसा करून घ्यावा, हे राष्ट्राध्यक्ष सुकार्णोंनी पश्चिम न्यू गिनीच्या (पापुआच्या) प्रश्नात अधिक स्पष्ट दाखवले. डचांनी 1949 मध्ये सत्ता सोडली, पण हा प्रदेश हाताशी ठेवला. सुकार्णोंनी सोव्हिएत संघाकडून मोठ्या प्रमाणावर शस्त्रे घेतली आणि देश पुरता मॉस्कोकडे जाईल या भीतीने केनेडी सरकारने डचांवर दबाव आणला. ऑगस्ट 1962 मध्ये न्यूयॉर्क येथे करार झाला आणि 1 मे 1963 रोजी प्रदेश जकार्ताच्या ताब्यात आला. मुत्सद्देगिरी म्हणून हे यश मोठेच होते.

ज्यांच्या भूमीवरून हा सौदा झाला, त्या पापुआच्या लोकांना मात्र 1969 मध्ये सार्वमत म्हणून जे मिळाले, त्यात लष्कराच्या देखरेखीखाली निवडलेल्या हजारभर प्रतिनिधींनी एकमताने इंडोनेशियाची बाजू घेतली. तोवर सुकार्णो जाऊन सुहार्तो आले होते, चीनशी संबंध गोठले होते आणि अमेरिका मित्र झाली होती. धोरणाचे नाव तेवढे तेच राहिले. डिसेंबर 1975 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड आणि परराष्ट्रमंत्री किसिंजर जकार्ताहून परतले आणि दुसऱ्याच दिवशी इंडोनेशियाचे सैन्य नुकतेच स्वातंत्र्य जाहीर केलेल्या शेजारच्या पूर्व तिमोरमध्ये उतरले. स्वातंत्र्याचा हक्क सर्व राष्ट्रांचा म्हणणारी ती प्रस्तावना तेव्हाही राज्यघटनेत होतीच.