खंजिरीमागचा रातकिडा

तिवसा तालुक्यातल्या आमच्या गावात माझी ध्वनिमुद्रणाची एक खोली आहे. पूर्वी तिच्यात वेचणीचा कापूस भरून ठेवत. आता भिंतींना जुन्या गाद्या आणि गोधड्या टांगलेल्या आहेत. गुरुकुंज मोझरी जवळच असल्यामुळे माझ्याकडे येणारे बहुतेक काम खंजिरी भजनाचे असते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे या वाद्याला आमच्या भागात जो मान मिळाला, तो अजूनही टिकून आहे, आणि गावोगावच्या भजन मंडळांना आपली भजने नीट मुद्रित करून हवी असतात. ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र खंजिरीइतके अवघड वाद्य दुसरे नाही, हे मला एका फोनमुळे कळले.

दोन वर्षांपूर्वी पुण्यतिथी महोत्सवाच्या तोंडावर शेजारच्या गावातील एका मंडळाची आठ भजने मी ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर मुद्रित केली, म्हणजे सेकंदाला ध्वनीचे ९६ हजार नमुने घेतले आणि प्रत्येक नमुना २४ बिटच्या आकड्यात नोंदवला. मंडळाला ती पेन ड्राइव्हमध्ये ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटच्या फाइल म्हणून हवी होती. अनेक वर्षांपासून संगणकात असलेल्या एका जुन्या संपादन प्रोग्रामात मी फाइल उघडली, सॅम्पल रेट (सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांची संख्या) बदलला, जतन केली आणि पेन ड्राइव्ह पाठवून दिला. दोन दिवसांनी बुवांचा फोन आला. "भाऊ, खंजिरीच्या मागं रातकिडा बोलून राह्यला. तुमच्या खोलीत किडा होता काय?"

रात्रीचे मुद्रण असल्याने शंका रास्त होती. मी मूळ फाइल हेडफोन लावून तीनदा ऐकली; तिच्यात किडा नव्हता. पाठवलेली फाइल ऐकली, तर तिच्यात होता. विशेष म्हणजे तो फक्त खंजिरी वाजत असतानाच बोलत होता आणि बुवांनी हात थांबवला की तोही थांबत होता. ताल सांभाळणारा रातकिडा मी तरी अजून पाहिलेला नाही.

झाले होते ते असे. ९६ किलोहर्ट्झवर मुद्रित केलेल्या फाइलमध्ये त्याच्या निम्म्या, म्हणजे ४८ किलोहर्ट्झपर्यंतच्या कंपनांना जागा असते, तर ४४.१ च्या फाइलमध्ये फक्त २२.०५ पर्यंत. त्यामुळे रूपांतर करणाऱ्या साधनाचे पहिले काम म्हणजे २२.०५ च्या वरचे सर्व काही फिल्टरने काढून टाकणे. ते काढले नाही, तर ती कंपने नाहीशी होत नाहीत. आरशातल्यासारखी उलटी होऊन खालच्या पट्टीत उतरतात. मूळ फाइलमध्ये ३० किलोहर्ट्झला काही असेल, तर ते ४४.१ वजा ३०, म्हणजे १४.१ किलोहर्ट्झला ऐकू येऊ लागते. या दोषाला एलियासिंग म्हणतात. गायकाच्या आवाजात किंवा हार्मोनियममध्ये २० किलोहर्ट्झच्या वर फारसे काही नसते, म्हणून सदोष साधनही वर्षानुवर्षे खपून जाते. खंजिरीच्या पितळी चकत्या एकमेकींवर आपटतात तेव्हाची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतील कॅलटेकमध्ये जेम्स बॉइक यांनी वाद्यांची मोजमापे घेतली होती, आणि त्यांत किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवल्यावर निघणाऱ्या ध्वनीची ६८ टक्के ऊर्जा २० किलोहर्ट्झच्या वर आढळली होती. खंजिरी म्हणजे चामडे ताणलेला किल्ल्यांचा जुडगाच म्हणायचा. कानाला न ऐकू येणारा तो सगळा भाग माझ्या प्रोग्रामाने उलटा करून ऐकू येणाऱ्या पट्टीत आणून ठेवला होता.

साधन बदलायचे हे ठरले. पण कोणते घ्यायचे, हे नुसते ऐकून ठरवता येईना. एक तर चांगल्या साधनांमधला फरक कानाच्या पलीकडचा असतो. दुसरे असे की विंडोजचा मिक्सर ४८ किलोहर्ट्झवर ठेवलेला असेल, तर ४४.१ ची फाइल वाजवताना तो स्वतःच आणखी एक रूपांतर करतो, आणि आपण नेमके कोणाचे काम ऐकतो आहोत हेच कळत नाही. तुलना करण्यापूर्वी ध्वनी उपकरणाची सेटिंग फाइलच्या सॅम्पल रेटशी जुळवून घ्यावी लागते. मी हे पहिल्या आठवड्यात केले नव्हते आणि तो सगळा आठवडा वाया गेला.

उपयोगी पडली ती स्वीपची चाचणी. ९६ किलोहर्ट्झची एक फाइल तयार करायची, जिच्यात एकच शुद्ध स्वर अगदी खालपासून ४८ किलोहर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जातो. ही फाइल प्रत्येक साधनातून ४४.१ वर आणायची आणि तिचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणती कंपने आहेत हे दाखवणारे चित्र, काढायचा. चांगल्या साधनाच्या चित्रात एक रेघ चढत जाते, २२.०५ च्या थोडी अलीकडे विरते आणि पुढे काळोख असतो. माझ्या जुन्या प्रोग्रामाच्या चित्रात रेघ वर गेली, छताला आपटली, उलटी फिरून थेट शून्यापर्यंत उतरली आणि शेवटी पुन्हा ३.९ किलोहर्ट्झपर्यंत चढली. परतीच्या वाटेवर ती फारशी फिकीही झाली नव्हती. ते चित्र छापून मी टेबलासमोर चिकटवून ठेवले आहे. अशा चित्रांचा मोठा संग्रह इन्फिनिट वेव्ह या मास्टरिंग स्टुडिओने सर्वांसाठी खुला ठेवला आहे आणि त्यात महागड्या साधनांपासून फुकटच्या साधनांपर्यंत सारी एका रांगेत दिसतात. तेथील चित्रे पाहून किंमत आणि गुणवत्ता यांचा संबंध किती सैल आहे हे लक्षात येते. तरीही स्वतःच्या संगणकावर चाचणी घ्यावी असेच मी सांगेन, कारण एकाच प्रोग्रामाच्या दोन सेटिंगमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

माझ्या चाचणीत सॉक्स, व्हॉक्सेंगोचे आर८ब्रेन आणि ऑडॅसिटी ही तिन्ही फुकट मिळणारी साधने स्वच्छ निघाली. ऑडॅसिटीच्या आत सॉक्सचेच रूपांतर-तंत्र सोक्सआर या नावाने काम करते. मात्र तेथे ऐकताना वापरायच्या रूपांतराची सेटिंग वेगळी आणि निर्यात करताना वापरायची वेगळी असते. दुसरी सर्वोच्च दर्जावर ठेवली आहे ना, हे पाहून घ्यावे. एफएफएमपेग या ध्वनी-चित्र रूपांतराच्या साधनात सोक्सआर मुद्दाम निवडावे लागते. रीपर हा मुद्रण-संपादनाचा प्रोग्राम वापरणाऱ्यांना आर८ब्रेनचा पर्याय त्याच प्रोग्रामात मिळतो. आयझोटोप आरएक्स आणि वाइस सॅराकॉन ही मास्टरिंगच्या व्यवसायात मान असलेली विकतची साधने आहेत. पण माझ्या कामाच्या स्वरूपाकडे आणि मंडळांच्या वर्गणीकडे पाहता त्यांचा विचार मी केला नाही. मी सॉक्स निवडले. ते खिडक्या आणि बटणे नसलेले, आज्ञा टंकून चालवायचे साधन आहे, ही बाब अनेकांना गैरसोयीची वाटेल. मला तीच सोयीची वाटते, कारण एकदा लिहून ठेवलेली आज्ञा आठही भजनांवर तंतोतंत तशीच चालते आणि रात्री दोन वाजता माझ्या हातून चुकीचे बटण दाबले जात नाही.

साधन निवडल्यावर प्रश्न उरतो तो फिल्टरच्या आकाराचा. सॉक्समध्ये सर्वोच्च दर्जा निवडला की नको असलेला भाग १७५ डेसिबलपर्यंत दाबला जातो आणि उपलब्ध पट्टीचा ९५ टक्के भाग शाबूत राहतो. ४४.१ च्या फाइलसाठी ९५ टक्के म्हणजे सुमारे २०.९ किलोहर्ट्झ. यापेक्षा अधिक हवे असेल, तर ९९ टक्क्यांचा उभा फिल्टरही घेता येतो. सुरुवातीला मलाही तोच मोह झाला होता. पण फिल्टर जितका उभा, तितकी तीव्र आघाताच्या आगेमागे उमटणारी थरथर लांबत जाते. लिनियर फेज प्रकारच्या फिल्टरमध्ये ही थरथर आघाताच्या आधीही येते. मिनिमम फेजमध्ये ती सगळी नंतर येते, मात्र त्या बदल्यात वरच्या स्वरांची वेळ किंचित सरकते. खंजिरीवरची थाप म्हणजे अगदी तीव्र आघात, म्हणून मी दोन्ही प्रकारच्या फाइल कोणती कोणाची हे न पाहता आलटून पालटून ऐकल्या. माझी उत्तरे नाणेफेकीपेक्षा चांगली आली नाहीत. ते स्वाभाविकच आहे, कारण ही थरथर २२ किलोहर्ट्झच्या आसपासची असते आणि चाळिशी ओलांडलेल्या माझ्या कानांचा तो प्रांत नाही. तेव्हापासून मी ९५ टक्के आणि लिनियर फेज यांवर थांबलो आहे. या विषयावर रात्र-रात्र वाद घालणारे लोक आहेत. त्यांनी तेवढा वेळ माइकची जागा बदलून पाहण्यात घालवला, तर त्यांचे मुद्रण अधिक सुधारेल असे माझे मत आहे.

४४.१ हा आकडा इतका विचित्र का, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. सुरुवातीच्या काळात डिजिटल ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवत असत. चित्राच्या प्रत्येक उपयोगी ओळीत तीन नमुने बसत. सेकंदाला ५० फील्डच्या (फील्ड म्हणजे चित्राचा अर्धा भाग) पद्धतीत २९४ ओळी आणि ६० फील्डच्या पद्धतीत २४५ ओळी धरल्या, तर दोन्ही पद्धतींत फील्ड, ओळी आणि नमुने यांचा गुणाकार ४४,१०० येतो. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने तोच आकडा घेतला. व्हिडिओच्या कामात मात्र ४८ रूढ झाला. ९६ वरून ४८ वर येताना प्रमाण सरळ निम्मे असते, ४४.१ वर येताना ते १४७ भागिले ३२० असे होते. यावरून ८८.२ वर मुद्रण करावे म्हणजे सीडीसाठी भागाकार सोपा होतो, असा सल्ला अजूनही दिला जातो. आजची साधने १४७ पटींनी वाढवून दर ३२० वा नमुना उचलण्याचा सगळा खटाटोप प्रत्यक्षात करत नाहीत. जे नमुने अखेर लागणार आहेत तेवढेच ती थेट काढतात, आणि अवघड प्रमाणामुळे गुणवत्ता घटत नाही. त्यामुळे मुद्रण कितीवर करायचे हे अंतिम उपयोगावरून ठरवावे, भागाकार टाळण्यासाठी नव्हे. यूट्यूबवर टाकायच्या व्हिडिओसाठी मी ४८ चीच फाइल देतो.

साधन चांगले असूनही एकदा मी तोंडघशी पडलो. लिमिटरने, म्हणजे आवाजाची शिखरे ठरावीक मर्यादेत रोखणाऱ्या साधनाने, भजनाची पातळी फाइलच्या कमाल मर्यादेच्या (शून्य डेसिबलच्या) ०.१ डेसिबल खाली बांधून मी ती फाइल सॉक्समध्ये घातली, आणि काही नमुने छाटले गेले असून आवाज कमी करावा, असा इशारा त्याने दिला. नमुन्यांच्या जागा बदलल्या की दोन जुन्या नमुन्यांच्या मध्ये दडलेले शिखर नव्या नमुन्यात उघडे पडते. शिवाय वरची कंपने काढून टाकल्याने लहरीचा आकारच बदलतो आणि काही शिखरे पूर्वीपेक्षा उंच होतात. सॉक्स आतून ३२ बिट पूर्णांकात काम करते, म्हणून शून्याच्या वर गेलेला भाग त्याच्या हाती परत येत नाही, मग मूळ फाइल शून्याच्या वरचे आकडेही साठवू शकणाऱ्या फ्लोटिंग पॉइंट प्रकारातली का असेना. आता माझा क्रम पक्का आहे. मिश्रण सहा डेसिबल मोकळे ठेवून २४ बिटवर काढतो, आधी सॅम्पल रेट बदलतो, त्यानंतर खऱ्या शिखराची मर्यादा उणे १ डेसिबल ठेवून लिमिटर लावतो, आणि १६ बिटवर आणताना अगदी शेवटी एकदाच डिदर, म्हणजे आकडे कापल्याचा दोष झाकणारा अगदी सूक्ष्म खरखराट, देतो. डिदर आधी देऊन नंतर रूपांतर केले, तर फाइलला पुन्हा २४ किंवा ३२ बिटचे आकडे येतात आणि ते १६ वर कापताना पहिला डिदर फुकट जातो.

आमच्याकडे विजेचा भरवसा नसल्याने एक सवय मी लावून घेतली आहे. दहा मिनिटांच्या भजनात ९६ वर ५,७६,००,००० नमुने असतात आणि ४४.१ वर २,६४,६०,०००. रूपांतर संपले की हा आकडा मी ताडून पाहतो. इन्व्हर्टर दगा देतो तेव्हा अर्धवट लिहिली गेलेली फाइलही नावाने पूर्णच दिसते. याच तपासणीत रूपांतर न होता नुसती पाटी बदललेली फाइलही सापडते. ४८ ची फाइल ४४.१ म्हणून वाजली, तर दहा मिनिटांचे भजन दहा मिनिटे त्रेपन्न सेकंद चालते आणि पट्टी जवळजवळ दीड अर्धस्वराने उतरते. एका मंडळाने तशी फाइल महिनाभर वाजवली होती आणि बुवांचा घसा बसला होता अशी सगळ्यांची समजूत झाली होती.

हे सगळे देवळावरच्या भोंग्यातून ऐकू येते का, असे विचाराल, तर नाही. भोंग्याला इतके वरचे स्वर झेपतच नाहीत आणि रातकिड्यासह पाठवलेली ती पहिली फाइल त्याच्यावर उत्तम वाजली होती. बुवांनी किडा पकडला तो नातवाच्या मोबाइलला इअरफोन लावून.

ती आठही भजने मी मूळ फाइलवरून पुन्हा काढून दिली. मागच्या हिवाळ्यात तेच मंडळ नवी भजने घेऊन आले. फाइल पाठवल्यावर बुवांचा पुन्हा फोन आला, की तिसऱ्या कडव्यात किडा आहे. मी स्वीप चालवला. रेघ स्वच्छ होती. मूळ फाइल उघडली, तर किडा तिच्यातच होता, आणि या खेपेला तो तालात नव्हता. दाराच्या उंबऱ्याखालची फट बुजवून आम्ही तिसरे कडवे पुन्हा मुद्रित केले.