मनगटाला बांधलेल्या रंगीत पेन्सिली

18 मार्च, रात्र

1965 साली याच तारखेला सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह व्होस्खोद-2 या यानाबाहेर पडले आणि अंतराळाच्या पोकळीत तरंगणारे पहिले मानव ठरले. दरवर्षी ही तारीख आली की त्या बारा मिनिटांविषयी काहीतरी वाचले जातेच. पण आज दिवसभर माझ्या मनातून हलले नाहीत ते त्यांचे हात.

बाहेर हवा नसल्यामुळे आतल्या दाबाने त्यांचा पोशाख फुगून ताठ झाला, हातमोज्यांची टोके बोटांपासून दूर गेली, पाय बुटांत सैल पडले आणि यानाशी जोडणारी दोरी गुंडाळणेसुद्धा कठीण होऊन बसले. अशा अवस्थेत एअरलॉकमध्ये, म्हणजे यानात शिरण्याच्या हवाबंद मार्गात, परतणे अशक्य आहे हे ओळखून त्यांनी नियंत्रण केंद्राला न विचारता पोशाखाची झडप उघडली आणि आतला दाब कमी केला. दाब असा उतरला की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकते, याची त्यांना पूर्ण कल्पना होती. पाय आधी आत घ्यायचे असे ठरले होते, पण ते डोक्याकडून शिरले आणि त्या अरुंद नळकांड्यात, फुगलेल्या पोशाखानिशी, त्यांना उलटे वळावे लागले. हे वर्णन कितीही वेळा वाचले तरी माझा श्वास अडखळतो.

याच उड्डाणात याच हातांनी सूर्योदयाचे चित्र काढले. पेन्सिली तरंगत जाऊ नयेत म्हणून त्या दोऱ्यांनी मनगटावरच्या पट्ट्याला बांधलेल्या होत्या. अंतराळात काढलेले पहिले चित्र म्हणून त्याचा उल्लेख होतो, पण मला त्याचे मोल निराळे वाटते: यानाच्या आत इतकी साधने मोजमाप करत असताना या माणसाला पृथ्वीच्या कडेवरचे रंग स्वतःच्या डोळ्यांनी पारखून कागदावर उतरवावेसे वाटले. धाडसाची गोष्ट सांगताना आपण ही पाहण्याची ओढ सहसा गाळतो, आणि तिथेच त्या माणसावर अन्याय करतो असे मला वाटते.

परतीच्या वेळी स्वयंचलित यंत्रणेने दगा दिला, तेव्हा सहकारी पावेल बेल्यायेव्ह यांनी यान हाताने वळवून उतरवले आणि दोघांनी रशियातल्या पर्मच्या बर्फाळ अरण्यात दोन रात्री काढल्या. पुढे 1975 मध्ये, अपोलो–सोयुझ या अमेरिका आणि सोव्हिएत संघाच्या संयुक्त मोहिमेत, अमेरिकी अंतराळवीरांशी अंतराळात भेट झाली तेव्हाही लिओनोव्ह यांनी त्यांची रेखाचित्रे काढली. शीतयुद्धाच्या त्या काळात समोरच्याचा चेहरा इतक्या निवांतपणे न्याहाळणे ही मला हस्तांदोलनाहून मोठी गोष्ट वाटते.

लाटव्हियातल्या रिगाच्या कला अकादमीत शिकण्याची त्यांची इच्छा पैशांअभावी राहून गेली आणि ते लष्करी वैमानिक झाले. त्याही आधी, सायबेरियातल्या बालपणी, वडिलांना स्टालिनच्या राजवटीत अटक झाल्यावर घर ओढगस्तीला आले होते. तेव्हा हा मुलगा इतरांच्या घरातल्या भट्ट्यांवर फुले रंगवून देई आणि त्या बदल्यात घरी चार घास जास्तीचे येत.