कवार्थ्वा कॅसलची चार पानं आणि 2039 सालची अट

दक्षिण वेल्समधल्या मर्थर टिडविल गावात कवार्थ्वा कॅसल आहे. एकेकाळी लोखंडाच्या कारखानदाराचा वाडा, आता सार्वजनिक बाग आणि संग्रहालय. कार्डिफकडून सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या मराठी कुटुंबांना हातात धरून फिरता यावं म्हणून त्याची चार पानी मराठी पुस्तिका काढायची होती. इतिहास जुळवायला दोन शनिवार-रविवार पुरले, छपाई एका दिवसात झाली. मधले तीन महिने जुना फोटो आणि जुनं पत्र छापायची परवानगी मागणाऱ्या एका फॉर्मने खाल्ले. तो का अडला हे आधी कुणी सांगितलं असतं तर काम आठवड्याभरात उरकलं असतं, म्हणून हे लिहितोय.

आधी वाड्याबद्दल. नाव 'कॅसल' असलं तरी हा किल्ला नव्हे. वेढा, खंदक, लढाई यातलं काही इथे कधी झालं नाही. बुरूज आणि चर्या निव्वळ शोभेच्या. विल्यम क्रॉशे दुसरा याने 1824-25 मध्ये रॉबर्ट लुगर या वास्तुविशारदाकडून तो बांधून घेतला. 72 खोल्या, खर्च सुमारे 30,000 पाउंड, भोवती सुमारे 160 एकर जमीन. जागा अशी निवडली की खिडकीतून नदीपलीकडचा स्वतःचा कारखाना दिसावा. रात्री भट्ट्यांचा उजेड कसा पडत असेल हे पाहायचं असेल तर मर्थरमध्येच जन्मलेल्या पेन्री विल्यम्स या चित्रकाराची चित्रं बघावीत; कारखान्याच्या आतलं रात्रीचं दृश्य त्याने 1825 च्या सुमारास रंगवलं. बागेतलं तळंही नुसतं बदकांसाठी नव्हतं. टाव वेखान नदीचं पाणी पाटाने आणून कारखान्यासाठी साठवायची ती सोय होती. पुस्तिकेत या तळ्याला वाड्यापेक्षा जास्त जागा दिली. वाडा कुठेही दिसतो. कारखान्याचं पाणी साठवणारं आणि दिवाणखान्यातून शोभेचं दिसणारं तळं क्वचित.

कारखाना वाड्याहून साठ वर्षांनी जुना. अँथनी बेकनने तो 1765 मध्ये काढला, 1794 पर्यंत तो रिचर्ड क्रॉशेच्या पूर्ण मालकीचा झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगातल्या सर्वांत मोठ्या लोखंड कारखान्यांत त्याची गणना होत होती. 1801 च्या शिरगणतीत मर्थरची वस्ती 7,705 भरली आणि तेवढ्यावर ते वेल्समधलं सर्वांत मोठं गाव ठरलं. 1851 मध्ये हा आकडा 46 हजारांवर गेला. वाडा बांधून सहा वर्षं होतात न होतात तोच, जून 1831 मध्ये, मजुरीतली कपात आणि कर्जवसुलीची जप्ती यांवरून गाव पेटलं. कॅसल इन या खाणावळीसमोर सैनिकांनी गोळीबार केला. पुढे डिक पेंडेरिन या तरुण कामगाराला 13 ऑगस्ट 1831 रोजी कार्डिफमध्ये फाशी दिलं.

इथे एक सूचना आत्ताच देतो, नंतर विसरेन. जुन्या वर्तमानपत्रांत 'कॅसल' शोधलंत की निम्मे निकाल या खाणावळीचे येतात. गोळीबार वाड्यासमोर झाला असं लिहिलेलं कुठे वाचलंत तर लिहिणाऱ्याचा घोळ याच ठिकाणी झालेला असतो.

वर्तमानपत्रांसाठी वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं विनामूल्य ऑनलाइन दालन पुरतं. त्यात 1919 पर्यंतचे अंक आहेत. पण वेल्श मजकूर शोधताना मराठी माणसाची पंचाईत होते. आपल्याकडे विभक्ती लागली की शब्दाचा शेवट बदलतो: घर, घरात, घराला. वेल्शमध्ये शब्दाचं तोंडच बदलतं. 'कवार्थ्वा'चं पहिलं अक्षर सी. मागे कोणता शब्द येतो त्यानुसार त्या सीच्या जागी जी येतो, कधी एनजीएच, कधी सीएच. मर्थरचा एम काही ठिकाणी एफ होतो, आणि वेल्शमधल्या एकट्या एफचा उच्चार 'व'. म्हणून पहिलं अक्षर सोडून उरलेला भाग शोधायचा, किंवा चारही रूपं वेगवेगळी टाकायची. हे कळण्याआधी 'वेल्श पत्रांत या वाड्याचा उल्लेखच नाही' असा निष्कर्ष कागदावर उतरला होता.

आता फॉर्म. पुस्तिकेला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, वाड्याचं जुनं छायाचित्र. विल्यम दुसऱ्याचा मुलगा रॉबर्ट थॉम्पसन क्रॉशे हौशी छायाचित्रकार होता, मुलीला मदतीला घेऊन तो फोटो काढायचा. तो 1879 मध्ये वारला. दोन, पत्रातली एक ओळ. विल्यम दुसऱ्याच्या लंडनला राहणाऱ्या बापाला, म्हणजे विल्यम पहिल्याला, मुलाचा हा खर्चिक वाडा पसंत नव्हता, आणि घराण्याचा पत्रव्यवहार अभिलेखागारात जपलेला आहे. बापाच्या नाराजीची एक ओळ मराठी भाषांतरासह छापावी, एवढीच इच्छा. ज्या अभिलेखागाराकडे मागणी केली त्याचं नाव घेत नाही. कर्मचारी सौजन्याने वागले. फॉर्म मात्र तसा नव्हता.

पहिल्यांदा तो परत आला तो संदर्भ क्रमांकावरून. पेशवे दफ्तरात रुमाल असतात तसे इथे गठ्ठे असतात. सूचीत क्रमांक संग्रहाला, मग मालिकेला, मग गठ्ठ्याला असतो. सुट्या कागदाला बहुतेक वेळा नसतोच. फॉर्म मात्र सुट्या कागदाचा क्रमांक मागतो. उत्तर साधं आहे: गठ्ठ्याचा क्रमांक लिहायचा, पुढे पत्राची तारीख, कुणी कुणाला लिहिलं, आणि पत्रवही असेल तर पानाचा आकडा. तेवढं चालतं. पण हे फॉर्मवर लिहिलेलं नाही आणि उत्तराला पंधरा दिवस लागतात.

दुसऱ्यांदा अडला तो कॉपीराइटच्या चौकटीवर, आणि खरे दोन महिने तिथेच गेले. चौकट सक्तीची: 'कॉपीराइटधारकाचं नाव, आणि त्याची सही असलेली परवानगी सोबत जोडा'. तिथे आधी 'अज्ञात' लिहिलं. परत. मग 'मुदत संपली' या पर्यायावर खूण केली, कारण दोनशे वर्षांपूर्वीचं पत्र आणि लिहिणारा 1834 मध्ये गेलेला. पुन्हा परत, या वेळी एका ओळीच्या खुलाशासह: मुदत संपलेली नाही.

आधी वाटलं कारकुनाची चूक असेल. चूक नव्हती. ब्रिटनमध्ये लेखक वारल्यानंतर 70 वर्षांनी कॉपीराइट संपतो हा नियम आपल्याला पाठ असतो, पण अप्रकाशित लिखाणाला जुना कायदा लागू होता आणि त्यात मुदतच नव्हती. 1988 च्या कायद्याने ती मुदत घातली, पण मागून मोजायला लावली नाही; पुढे 50 वर्षं दिली. म्हणून लेखक 1969 च्या आधी वारला असेल आणि लिखाण 1 ऑगस्ट 1989 पर्यंत अप्रकाशित राहिलं असेल, तर त्यावरचा कॉपीराइट 31 डिसेंबर 2039 ला संपतो. पत्र 1825 चं असो की 1725 चं. इतक्या जुन्या छायाचित्रांना हा नियम लागत नाही. म्हणजे मुलाच्या मुलाने काढलेला फोटो मोकळा आणि आजोबाचं पत्र बंद. एकाच फॉर्मवर दोन्ही मागितल्यामुळे पत्रापायी फोटोही अडकला. दोन वस्तू, दोन फॉर्म: ही एक गोष्ट माहीत असती तर फोटो पंधरा दिवसांत हाती आला असता.

बरं, अवतरणाला सूट असते ना? असते, पण ती आधी लोकांपुढे आलेल्या लिखाणाला. अप्रकाशित पत्र त्यात बसत नाही. खासगी अभ्यासासाठी मात्र अभिलेखागार एक प्रत देऊ शकतं. त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र असतं, त्यावर सही केली की वाचायला मिळतं. छापायला नाही. त्या कागदावर सही करताना हेतूच्या रकान्यात 'पुस्तिका' लिहिलंत की झालं, तो अर्ज पुन्हा मागच्या रांगेत.

मग परवानगी द्यायची कुणी? इथे दोन घोळ हमखास होतात. कागद ज्याच्या कपाटात, कॉपीराइट त्याचा असं नाही. आणि पत्र ज्याला आलं त्याचाही नाही; ज्याने लिहिलं त्याचा, आणि त्याच्यानंतर मृत्युपत्राने ज्याच्याकडे गेलं त्याचा. 1858 च्या आधीचं, कॅंटरबरीच्या न्यायालयात नोंदलेलं मृत्युपत्र लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात प्रॉब 11 या मालिकेत शोधायचं. 1858 नंतरचं सरकारच्या प्रोबेट नोंदणीत. एवढं करून पाच-सहा पिढ्यांचे वारस शोधत बसायचं. न सापडले तर सरकारच्या बौद्धिक संपदा कार्यालयाची बेवारस साहित्याची योजना आहे, 2014 पासून. एका कृतीच्या अर्जाला 20 पाउंड, बिनव्यापारी वापराच्या परवान्याला 10 पेन्स, परवाना जास्तीत जास्त सात वर्षांचा. शोध कुठे कुठे घेतला याची यादी भरून द्यावी लागते. आणि परवाना फक्त ब्रिटनपुरता. पुस्तिकेची पीडीएफ कुणीतरी पुण्याच्या आत्याला व्हॉट्सॲपवर पाठवणारच, ती त्या परवान्यात बसत नाही. तिथे हात टेकले.

उपाय शेवटी इतका साधा निघाला की राग त्याचाच जास्त आला. कॉपीराइट शब्दांवर असतो, माहितीवर नसतो. 'लंडनच्या वडिलांना हा खर्च मंजूर नव्हता' हे आपल्या शब्दांत लिहायला कुणाचीही परवानगी लागत नाही. ती गोष्ट छापील इतिहासांत कितीदा येऊन गेली आहे. पत्राचं शब्दशः भाषांतर मात्र टाळायचं, तेही परवानगीशिवाय चालत नाही. पुस्तिकेत ती एक ओळ आता अशीच आहे, अवतरणचिन्हांशिवाय. खरं सांगायचं तर वाचायलाही तीच बरी वाटते.

फोटोबाबत अजून एक. जुन्या सपाट चित्राची हुबेहूब प्रत काढली तर त्या प्रतीवर नवा कॉपीराइट तयार होत नाही. 2023 मधल्या अपील न्यायालयाच्या निकालानंतर हे आणखी पक्कं मानलं जातं. पण स्कॅन मागवताना संस्थेच्या अटींवर आपण सही करतो, तो करार बांधतोच. म्हणून 'किती प्रती, कुठे, किती वर्षं' हे रकाने हात आखडून भरू नका. 200 प्रती लिहून 300 छापायच्या झाल्या तर पुन्हा पत्रव्यवहार. ऑनलाइन वापराची खूण पहिल्याच फॉर्मवर करा. भाषेच्या रकान्यात इंग्रजी, वेल्श आणि 'इतर' एवढेच पर्याय होते. 'इतर' निवडून पुढे 'मराठी' लिहिलं तर हरकत नसते.

वाड्याची उरलेली हकीकत पुस्तिकेत दहा ओळींत बसली. आसपासच्या कारखान्यांनी पोलाद धरलं, रॉबर्ट थॉम्पसन लोखंडालाच चिकटून राहिला आणि 1870 च्या दशकाच्या मध्याला भट्ट्या विझल्या. मुलांनी पोलादासाठी कारखाना पुन्हा उभा केला, पण 1889 मध्ये घराण्याने वाडा सोडला. 1908 मध्ये तो नगरपालिकेकडे गेला, 1910 मध्ये संग्रहालय उघडलं आणि 1913 मध्ये बाकीच्या भागात शाळा भरू लागली. ती 2013 पर्यंत होती. वाडा बघायला गेलात आणि कुणी स्थानिक माणूस 'मी इथे गणित शिकलो' म्हणाला तर तो थट्टा करत नाही. संग्रहालयात ॲड्रियन स्टीफन्सची वाफेची शिट्टी चुकवू नका. 1833 च्या सुमाराला शेजारच्या डाउलैस कारखान्यात ती बनली. क्रॉशेंच्या 1838 सालच्या ब्रास बँडची वाद्यंही शोधून बघा.

नकाशा विकत घेऊ नका. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मैलाला सहा इंच या मापाचे जुने नकाशे वेल्सचेही आहेत, फुकट. तळं, पाट आणि भट्ट्या एकाच पानावर दिसतात. बागेतून नदीपलीकडे बघायचं असेल तर पानगळीनंतर जा, उन्हाळ्यात झाडं आड येतात.

आणि पुस्तिकेत अवतरण हवंच होतं म्हणून एक घातलं. रॉबर्ट थॉम्पसनची कबर गावाच्या उत्तरेला व्हेनरच्या चर्चच्या आवारात आहे. वर कित्येक टनांची एकसंध शिळा, भोवती लोखंडी कठडा. शिळेवर नाव आणि तारखांखाली तीन इंग्रजी शब्द कोरले आहेत: देवा, मला क्षमा कर. ते उघड्यावर आहेत; फॉर्म लागला नाही.