तुम्ही विचारलंत म्हणून : रात्रीचे फोटो अजूनही रोलवर का?

ओळखीच्या माणसांनी आणि रात्री नाशिकच्या गोदाघाटावर सहज थांबलेल्या अनोळखी माणसांनीही मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. खिशातला मोबाइल दोन-तीन सेकंदांत रात्रीचा स्वच्छ फोटो काढून देत असताना, पन्नास वर्षांपूर्वीचा फिल्मच्या रोलचा कॅमेरा ट्रायपॉडवर चढवून एकेका फोटोसाठी मिनिटे मोजत थंडीत उभे राहण्यात काय मिळते? विचारणाऱ्यांच्या मनात टिंगल नसते, कुतूहल असते, म्हणून दरवेळी दोन वाक्यांत उत्तर देऊन मी निघालो तरी ते अपुरे राहिल्याची जाणीव मला होते. आज ते सविस्तर लिहितो.

माझे उत्तर असे आहे की मोबाइल मला रात्रीतले सगळे काही दाखवतो आणि त्यामुळे रात्रच दाखवत नाही. त्याचा नाइट मोड प्रत्यक्षात एक फोटो काढत नाही. तो अगदी थोड्या थोड्या वेळाच्या अनेक फ्रेम घेतो, हात हलल्यामुळे त्यांत पडलेला फरक जुळवून घेतो, त्यांची सरासरी काढतो आणि काळोखात बुडालेले भाग उजळून पुढे आणतो. या तंत्रामागची बुद्धी मोठी आहे आणि घरगुती समारंभात मीही तेच वापरतो. पण रामकुंडाजवळच्या ज्या कोपऱ्यात माझ्या डोळ्यांना काहीही दिसत नव्हते, तो कोपरा पडद्यावर राखाडी होऊन समोर आला, पायरीन् पायरी मोजता येऊ लागली आणि आकाशालाही संध्याकाळचा रंग चढला, तर मी जे पाहिले त्याची ती नोंद नव्हे. रोलवर तो कोपरा काळाच राहतो. तो तसा का राहतो, हे कळल्यापासून माझी या कामातली गोडी वाढत गेली आहे.

फिल्मच्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक असतात. प्रकाशाचा कण स्फटिकावर आदळला की एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्यातून चांदीचा एक अणू तयार होतो. मात्र एकटा अणू टिकाऊ नसतो. तो थोड्या वेळात पुन्हा विरघळून जातो. साधारण तीन-चार अणूंचा पुंजका जमला तरच तो स्फटिक डेव्हलपरमध्ये (रोल धुण्याच्या रसायनात) काळा पडतो. दिवसा प्रकाशाचे कण एकामागून एक इतक्या वेगाने येतात की पुंजका लगेच जमतो. रात्री पहिला कण येऊन गेल्यावर दुसरा येईपर्यंत पहिल्याने केलेले काम पुसले गेलेले असते. गळका हंडा थेंबाथेंबाने भरायला गेल्यासारखे हे आहे : धार मोठी असेल तर भरतो, बारीक असेल तर कितीही वेळ थांबले तरी पाणी वर चढत नाही. एरवी प्रकाश निम्मा झाला की शटर उघडे ठेवण्याचा वेळ दुप्पट करावा, हा छायाचित्रणाचा पहिला नियम. तो येथे तुटतो. जर्मन खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्त्सशिल्ड यांनी ताऱ्यांची छायाचित्रे घेताना १९०० च्या सुमारास याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि वेळेची दुरुस्ती कशी करावी याचे सूत्र मांडले. आज रोलबरोबर मिळणाऱ्या तक्त्यांमागे तोच विचार आहे.

या नियमभंगाला बहुतेक पुस्तकांत फिल्मचा दोष म्हटलेले असते. मला तो गुण वाटतो. दिव्याखालच्या पायरीवर प्रकाशाची धार पुरेशी असते, म्हणून ती रोलवर नीट उमटते. दिव्यापासून दूरच्या पायरीवर धार बारीक असते, म्हणून तिचा वाटा हिशेबापेक्षाही कमी पडतो. म्हणजे उजेड आणि काळोख यांतले अंतर कमी होण्याऐवजी वाढते. आपले डोळेही घाटावर तसेच वागतात : दिव्यांच्या ओळींकडे ओढले जातात आणि मधल्या काळोखाला काळोख म्हणून स्वीकारतात.

प्रत्येक रोलची चिकाटी मात्र वेगळी असते आणि हा हिशेब पाठ असावा लागतो. मीटरने (प्रकाश मोजणाऱ्या यंत्राने) दहा सेकंद सांगितले तर फोमापान १०० या रोलला कंपनीच्या तक्त्यानुसार ८० सेकंद द्यावे लागतात, आणि मीटरने शंभर सेकंद सांगितले तर १६०० सेकंद, म्हणजे जवळजवळ सत्तावीस मिनिटे. इलफर्डच्या एचपी-५ प्लसला त्याच दहा सेकंदांसाठी सुमारे वीस सेकंद पुरतात. फुजीचा अ‍ॅक्रॉस हा रोल तर दोन मिनिटांपर्यंत कसलीही वाढ मागत नाही. तो २०१८ साली बंद झाला, पुढच्याच वर्षी अ‍ॅक्रॉस-२ या नावाने परत आला, आणि रात्री काम करणाऱ्यांना झालेला आनंद मला समजू शकतो. तरीही मी बहुतेक वेळा फोमापानच घालतो, कारण तो स्वस्त आहे आणि त्याचा अडेलपणा मला ठाऊक झाला आहे.

उदाहरणादाखल त्रिपुरी पौर्णिमेची रात्र घ्या. गोदाघाटावर पणत्या लागलेल्या असतात, पानांच्या द्रोणांतले दिवे नदीत सोडले जातात, गर्दी अखंड हलत असते. माझा यशिका-मॅट १२४जी हा दोन भिंगांचा कॅमेरा अशा वेळी सोयीचा पडतो, कारण त्याचे शटर पूर्णपणे यांत्रिक आहे. बॅटरी फक्त मीटरला लागते आणि शटर बी वर (बटण दाबलेले असेपर्यंत उघडे राहण्याच्या खुणेवर) ठेवून केबल रिलीजचा, म्हणजे बटण दुरून दाबणाऱ्या तारेचा, स्क्रू आवळला की ते कितीही वेळ उघडे राहते. वरून डोकावायच्या काचेत रात्री जवळजवळ काही दिसत नाही, त्यामुळे मी पलीकडच्या काठावरचा एखादा ठळक दिवा शोधून त्यावर फोकस करतो. अ‍ॅपर्चर (भिंगाच्या छिद्राचा आकडा) ८, मीटरचे दहा सेकंद, रोलचे ८०. या ८० सेकंदांत शटरसमोरून कितीतरी माणसे जातात आणि त्यांतले कोणीही फोटोत येत नाही. चालणारा माणूस एका जागी इतका कमी वेळ असतो की फिल्म त्याची दखल घेत नाही. द्रोणांतल्या दिव्यांच्या मात्र वाहत्या रेघा होतात, आणि पाण्याचा पृष्ठभाग लाटा हरवून गुळगुळीत होतो. मला सर्वांत आवडलेल्या निगेटिव्हवर पायरीवर बसलेल्या एक आजी आहेत. पणतीची वात सारताना त्यांचा हात हलला, म्हणून हाताच्या जागी धूसर डाग आहे. पण त्या स्वतः हलल्या नाहीत, म्हणून पदराचा काठसुद्धा स्पष्ट आहे. फिल्मने कोणाला ठेवावे आणि कोणाला वगळावे हे मी ठरवले नव्हते. जो थांबला तो राहिला.

त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचे रोप वाढताना ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेऊन कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांच्या चित्रपटात बसवली होती. त्यांनी काळ अनेक चौकटींत वाटला. लाँग एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर बराच वेळ उघडे ठेवून काढलेल्या फोटोत, तो एकाच चौकटीत थरावर थर साचतो. नाशिकमध्ये हे काम करताना फाळक्यांच्या त्या रोपाची आठवण मला होतेच.

साचणाऱ्या प्रकाशावर थोडे नियंत्रणही ठेवता येते. अहिल्यादेवी होळकर पुलावरून, ज्याला जुने नाशिककर अजून व्हिक्टोरिया पूल म्हणतात, घाटाच्या दिशेने फोटो काढताना मधेच एखाद्या गाडीचा प्रखर दिवा भिंगावर येतो. अशा वेळी शटर बंद न करता काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा भिंगासमोर धरायचा, स्टॉपवॉच थांबवायचे, गाडी गेली की पुठ्ठा काढून मोजणी पुढे चालू करायची. कॅमेऱ्याला हात लागू द्यायचा नाही, एवढेच पथ्य. उजेड-काळोखातले वाढलेले अंतर रोल धुताना आटोक्यात आणावे लागते. डी-७६ या डेव्हलपरमध्ये २० अंशांवर मी नेहमीच्या वेळेपेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने कमी वेळ देतो, म्हणजे दिव्यांभोवतीचा भाग जळून पांढरा होत नाही. नाशिकच्या उन्हाळ्यात नळाचे पाणी २० अंशांवर कधीच नसते, तेव्हा बर्फाच्या पाण्यात बाटल्या ठेवणे आलेच.

ताऱ्यांसाठी शहर सोडावे लागते. रामशेजचा किल्ला नाशिकच्या उत्तरेला आहे, त्यामुळे किल्ल्याच्या दक्षिणेला उभे राहून त्याच्याकडे तोंड केले की शहराचा झगमगाट पाठीशी राहतो आणि ध्रुवतारा समोर येतो. नाशिक २० अंश अक्षांशावर असल्याने ध्रुव क्षितिजापासून २० अंशांवर, हात लांब करून धरलेल्या दोन मुठींच्या उंचीवर दिसतो, म्हणजे किल्ल्याच्या काळ्या रेषेपासून फार वर नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, तेव्हा तासभर शटर उघडे ठेवले की प्रत्येक तारा ध्रुवाभोवती १५ अंशांची कमान काढतो. डिसेंबरच्या संध्याकाळी शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांच्या कमानी विशेष सुंदर येतात. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जास्त वेळ दिल्याने अंधुक तारे उमटत नाहीत, कारण सरकणारा तारा फिल्मच्या कोणत्याही एका बिंदूवर थोडाच वेळ असतो. कोणते तारे दिसणार हे अ‍ॅपर्चर आणि रोलचा वेग (प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) यांवर ठरते. वेळेने फक्त कमानीची लांबी वाढते आणि मागचे आकाश हळूहळू उजळते. ते उजळणेही फिल्म आपल्या आळसाने रोखून धरते, म्हणून अमावास्येच्या आसपास ताशी एक फोटो असे काम निवांत करता येते. डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर इतका वेळ चालू राहिला तर तापून ठिपके आणतो. यांत्रिक शटरला तापण्यासारखे काही नसते. त्रास होतो तो दवाचा. पहाटे भिंगावर पातळ थर चढतो आणि सगळे तारे धुक्यात जातात, म्हणून भिंगाभोवती कापूस आणि फडके गुंडाळून ठेवावे.

इन्स्टंट कॅमेऱ्याबद्दल, म्हणजे फोटो लगेच हातात देणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल, वेगळे विचारले जाते, कारण ट्रायपॉडवर पोलरॉइड पाहून लोकांना नवल वाटते. पोलरॉइडच्या नंतर आलेल्या ६०० मालिकेच्या प्लास्टिकच्या कॅमेऱ्यांवर हे जमत नाही. अंधार दिसला की त्यांचा फ्लॅश पेटतो आणि शटर लगेच मिटते. १९७२ साली आलेला पोलरॉइडचा एसएक्स-७० मात्र वेगळा आहे. त्याचे इलेक्ट्रॉनिक शटर प्रकाश पुरेसा जमेपर्यंत स्वतःहून उघडे राहते, अंधारात दहा सेकंदांहून अधिकसुद्धा. मीटरचा हिशेब त्याचा तोच करतो, पण फिल्मचा हट्ट त्याला पुरता ठाऊक नाही, म्हणून समोरचे छोटे चाक पांढऱ्या बाजूला फिरवून मी त्याला थोडे जास्त द्यायला लावतो. पोलरॉइडने २००८ साली इन्स्टंट फिल्म बंद केल्यावर नेदरलँड्समधल्या एन्शेडे येथील कारखाना काही मोजक्या माणसांनी चालू ठेवला, म्हणून आज हा कॅमेरा कपाटात शोभेचा होऊन बसलेला नाही.

या फिल्मला साधारण १३ ते २८ अंशांचे तापमान मानवते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्र त्याहून खूप थंड असते, निफाडला तर पारा पाच अंशांखालीही उतरतो. थंडीत रसायन नीट पसरत नाही आणि फोटो फिका, निळसर होतो. म्हणून कॅमेऱ्यातून फोटो बाहेर पडला की तो न बघता स्वेटरच्या आत, छातीशी ठेवायचा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. घाटावरच्या पिवळ्या दिव्यांना एसएक्स-७० जो गडद मधासारखा रंग देतो तो मला दुसऱ्या कोणत्याही फिल्मवर मिळालेला नाही; उलट नव्या पांढऱ्या एलईडी दिव्यांखाली तोच फोटो हिरवट आणि निर्जीव येतो, तिथे मी तो वापरत नाही. पाकिटात फक्त आठ फोटो असतात आणि ते महाग आहेत. ज्यांना इन्स्टंटवर स्वस्तात हात बसवायचा असेल त्यांनी इन्स्टॅक्स मिनी ९० शोधावा. त्यात बल्ब, म्हणजे बी ची सोय आहे आणि शटर दहा सेकंदांपर्यंत उघडे ठेवता येते.

खर्च किती, हा यानंतरचा प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. रोल महाग झाले आहेत, रंगीत रोल मी मुंबईला धुवायला पाठवतो, आणि बाराच फोटोंच्या एका रोलवर एक रात्र सहज जाते. माझ्या दृष्टीने ही रक्कम त्या रात्रीसाठी जास्त नाही, पण प्रत्येकाने आपले गणित पाहावे. सुरुवात करायची तर घरातला कपाटात पडलेला जुना कॅमेरा काढा आणि शटरच्या चकतीवर बी हे अक्षर आहे का ते बघा. असेल तर ट्रायपॉड, केबल रिलीज आणि काळा पुठ्ठा एवढे पुरे आहे. एकाच प्रकारचा रोल वर्षभर वापरा, प्रत्येक फोटोचा वेळ आणि अ‍ॅपर्चर वहीत लिहा, आणि पहिला रोल पुलावरून घाटाकडे बघत काढा, कारण तिथे दिवे, पाणी आणि काळोख तिन्ही एका चौकटीत मिळतात. पुलाच्या मधोमध उभे राहू नका. गाड्या गेल्या की तो हादरतो. पंचवटीच्या बाजूचे टोक त्या मानाने स्थिर आहे.